ट्रॅक कोर्स की डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग? आधी ताम्हिणीत काय झालं ते बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: हे पुण्याचे, वय ३१, आठ महिन्यांपूर्वी टर्बो पेट्रोल सेडान घेतली, जुलैत बायकोला घेऊन ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होते. पाऊस चालू होता, एका डाव्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळेचना, सरळच निघाली, ब्रेक मारला तर पेडल पायाखाली थरथरायला लागलं म्हणून घाबरून पाय काढला, परत मारला, आणि गाडी पलीकडच्या कठड्यापासून दोन हातांवर थांबली. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. आता विचारतायत की कोइंबतूरला जाऊन दोन दिवसांचा ट्रॅक कोर्स (रेसिंगच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणारा) करावा की पुण्यातच एक दिवसाचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा (धोका आधी ओळखून सांभाळून चालवायला शिकवणारा), ट्रॅकचा खर्च जवळजवळ चौपट आहे पण 'गाडीवर खरा कंट्रोल' तिथेच येतो असं मित्र सांगतायत.

मी सतरा वर्षं हेच शिकवतेय, आधी कंपन्यांच्या ड्रायव्हर लोकांना आणि आता जास्त करून स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांना. ट्रॅकवरही शिकलेय, कोइंबतूरला आणि चेन्नईला दोन्हीकडे, आणि ट्रॅकवर माझं मनापासून प्रेम आहे. तरी तुम्हाला आत्ता लगेच ट्रॅकवर जा असं मी सांगणार नाही. का ते नीट सांगते, कारण नुसतं हे करा ते करू नका म्हणून उपयोग नसतो.

'कंट्रोल' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गाडी घसरल्यावर ती सावरणारा माणूस येतो. पण तुमच्या बाबतीत गाडी घसरली तेव्हा वेळ जवळपास निघून गेली होती, खरा निर्णय त्याच्या तीन-चार सेकंद आधी झाला होता, वळणात शिरताना. थोडं गणित करते, कंटाळू नका. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरा, घाटातलं मध्यम वळण. चांगल्या टायरवर कोरड्या डांबरावर ते साधारण ५५ च्या वेगापर्यंत गाडी धरून ठेवतं. तेच वळण, तीच गाडी, पण रस्त्यावर पाणी आणि डोंगरातून वाहून आलेली माती, की तोच आकडा ३४-३५ वर येतो. म्हणजे तुम्ही ४५ ने शिरला असाल, जे कोरड्यात अगदी शहाण्यासारखं चालवणं आहे, तर त्या दिवशी ते वळण तुम्हाला मिळणारच नव्हतं, स्टिअरिंगवर कोणीही बसलं असतं तरी. चाकं वळलेली पण गाडी सरळ, याला अंडरस्टिअर म्हणतात, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये, ते असंच होतं.

मग माणूस काय करतो? स्टिअरिंग अजून फिरवतो. त्याने उलट बिघडतं, कारण पुढच्या टायरकडे ग्रिप ठरावीकच असते. समजा टायरच्या खिशात शंभर रुपये आहेत, ते वळायला द्या नाहीतर ब्रेकला द्या, दोन्हीकडे शंभर-शंभर मिळणार नाहीत (हिशोब अगदी सरळ वजाबाकीचा नसतो, पण ढोबळमानाने हेच). म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवायचा, आणि वळणात पाय हलका. ईएससी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, असेल तुमच्या गाडीत, ते एकेका चाकाला ब्रेक लावून मदत करतं, आणि खूप मदत करतं, पण रस्त्यातच ग्रिप नसेल तर ते तरी कुठून आणणार.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि तुमच्या सगळ्या प्रसंगात मला हीच जास्त लागली. पेडल थरथरलं म्हणून पाय काढला. ती थरथर म्हणजे एबीएस (अँटी-लॉक ब्रेक) काम करतंय, चाक लॉक होऊ न देता ब्रेक सेकंदाला कितीतरी वेळा सोडतंय आणि धरतंय, म्हणूनच तुम्हाला पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही थोडंफार वळवता येतं. पाय काढला तो वेळ गाडी मोकळी धावली. भारतात २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण ते पायाला कसं लागतं हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी दाखवत नाही, लायसन्सच्या टेस्टमध्ये कोणी विचारत नाही, आणि मग पहिली ओळख होते ती ताम्हिणीत.

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी आले होते, सव्वीस वर्षं गाडी चालवतायत, एकही अपघात नाही. रिकाम्या मैदानावर डांबरी पट्टा होता, त्यावर टँकरने पाणी मारून घेतलं होतं. त्यांना म्हटलं ५० चा वेग घ्या आणि लाल कोनपाशी ब्रेक अगदी जीव खाऊन दाबा, क्लचसकट. पहिल्या वेळी त्यांनी दाबला आणि अर्ध्या सेकंदात पाय हलका केला, त्यांना स्वतःला पत्ताही नाही, मी बाजूला बसून गुडघा बघत होते म्हणून कळलं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं काका, पेडल मोडलं तर मी भरून देते. तेव्हा दाबला. खालून खडखडखड आवाज, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे येऊन आदळली, चारी इंडिकेटर आपोआप लुकलुकायला लागले आणि गाडी थांबली, आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा तब्बल दीड गाडी अलीकडे. ते काही वेळ स्टिअरिंग धरून तसेच बसले. मग म्हणाले, म्हणजे सव्वीस वर्षं मी अर्ध्याच ब्रेकवर गाडी चालवत होतो. नंतर आम्ही तेच ब्रेक दाबलेला ठेवून कोनच्या बाजूने वळवून काढायचं केलं, सात-आठ वेळा. दीड तासात त्या माणसाचा पाय बदललेला मी पाहिला, आणि त्यासाठी ट्रॅक लागला नाही.

तिसरी गोष्ट नजर. तुम्ही लिहिलंय की 'कठडा जवळ येताना दिसत होता'. साहजिक आहे, सगळ्यांचं होतं, भीती वाटते तिकडे डोळे चिकटतात आणि हात डोळ्यांच्या मागे जातात. गाडी जिथे न्यायचीय तिथे बघायचं, हे वाचायला दोन सेकंद लागतात आणि अंगवळणी पडायला शेकडो वेळा करावं लागतं.

आता ट्रॅकबद्दल. आपल्या देशात पर्याय मोजके आहेत: कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरच्या थोडा वर, रेसिंगवाले करीवर्धन यांच्या नावाने, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किमीचा ट्रॅक. आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५ किमीच्या वर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. हे सगळे आपल्यापासून लांब, म्हणून आपल्याला प्रवास, मुक्काम सगळं धरावं लागतं. ट्रॅकवर जे मिळतं ते दुसरीकडे खरंच मिळत नाही. तेच वळण तुम्ही तीस वेळा घेता, त्यामुळे ब्रेक पाच मीटर उशिरा लावला तर काय होतं, एकदम सोडला तर मागची बाजू कशी हलकी होते, वजन पुढे-मागे कसं सरकतं, हे बुडाखाली कळायला लागतं. चेन्नईला माझ्या बाजूला बसलेले इन्स्ट्रक्टर फक्त डॅशबोर्डवर टकटक करायचे, म्हणजे मान वर, पुढचं वळण बघ. दोन दिवसांत बहुतेक तेवढंच शिकवलं त्यांनी मला, आणि आजही घाटात गाडी चालवताना ती टकटक ऐकू येते.

पण ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही. बैल नसतो, वळणाच्या पलीकडे बंद पडलेला ट्रक नसतो, कोणी पाणी सांडलेलं नसतं, आणि चुकलात तर बाजूला मोकळी जागा असते. हे मी फार महाग पडता पडता शिकले. पहिला ट्रॅक कोर्स करून आले त्यानंतर महिन्याभरात आम्ही कुंभार्ली घाटातून चिपळूणला निघालो होतो, नवरा बाजूला, सासूबाई मागे. हात नवे शिकून आलेले, गाडी छान वळत होती, मी प्रत्येक वळण नेहमीपेक्षा थोडं जास्त वेगाने घेत होते आणि मला ते कळतही नव्हतं कारण सगळं अगदी गुळगुळीत चाललं होतं. एका उजव्या वळणानंतर रस्त्यात झाडाच्या फांद्या टाकलेल्या, चाकांना दगड लावलेले आणि पुढे आख्खा ट्रक उभा. ब्रेक पूर्ण, एबीएस, गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ट्रकच्या मागच्या पट्टीत हातभर अंतर. सासूबाईंचा चष्मा पुढच्या सीटखाली गेला होता. माझा ब्रेक बरोबर होता, नजर बरोबर होती, सगळं तंत्र बरोबर होतं, चुकला होता वेग, कारण मला दिसत होता तेवढ्या रस्त्यात थांबता येईल असा तो नव्हता. तेव्हापासून शिकवताना पहिलं वाक्य हेच सांगते: दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. नॉर्वेमध्ये पूर्वी नव्या चालकांना घसरत्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, आणि नंतर तपासलं तर तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. सावरता येतं असं वाटलं की माणूस सावरायची वेळ येईपर्यंत जातो. म्हणून तिथला भर नंतर सावरण्यापेक्षा धोका आधी ओळखण्याकडे वळला. जर्मनीत राहणारी आपली बरीच मराठी मंडळी एडीएसीचं (तिथला मोटारचालकांचा मोठा क्लब) सेफ्टी ट्रेनिंग करून येतात, तिथे ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ब्रेक मारायला लावतात, जमिनीतली एक प्लेट गाडीचा मागचा भाग अचानक बाजूला ढकलते. ते करून आलेल्या एकाने मला सांगितलं की वेगाचा आकडा फक्त थोडासा वाढवला आणि जे आत्ता जमत होतं ते अजिबात जमेना, तो धडा त्याला सगळ्यात जास्त लक्षात राहिला. प्रशिक्षण असं असावं, स्वतःची मर्यादा दाखवणारं.

याचा आकड्यात अर्थ सांगते कारण समृद्धीवर १२० ने जाणाऱ्यांनी तरी हा लक्षात ठेवावा. दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी, एक ८० ला, एक १०० ला, दोघांनी एकाच रेषेवर पूर्ण ब्रेक लावला. ८० वाली जिथे थांबते, तिथे १०० वाली अजून साधारण ६० च्या वेगात असते. वेग फक्त २० ने जास्त, पण धडक ६० ने. आणि यात ब्रेककडे पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही, १०० च्या वेगात एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते.

आता डिफेन्सिव्हच्या कोर्सबद्दलही खरं बोलते, कारण त्या नावाखाली काहीही विकलं जातं. एका ठिकाणी मी स्वतः बघायला गेले होते, चार तास हॉलमध्ये स्लाइड, अपघातांचे व्हिडिओ, जेवण, मग एकेकाला गाडीतून एक चक्कर आणि सर्टिफिकेट. त्याने वाईट काही होत नाही, पण तुमचा पाय ब्रेकवरून निघायचा तो निघणारच. त्यामुळे पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा की दिवसभरात मी प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती वेळ असेन आणि एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण. तीन-चार ठीक, दहा असतील तर तुम्ही दिवसभर उन्हात उभे राहून दुसऱ्यांना बघणार. पूर्ण एबीएस ब्रेकिंग करून घेता का, ब्रेक दाबून वळवणं करून घेता का, पृष्ठभाग ओला करता का, हे विचारा. माझी स्वतःची गाडी चालेल का हेही विचारा, कारण तुमची समस्या तुमच्या गाडीत झालीय आणि तिचंच पेडल पायाला ओळखीचं व्हायला हवं. आणि शेवटचा भाग खऱ्या रस्त्यावर, शक्यतो घाटात, बाजूला इन्स्ट्रक्टर बसवून असेल तर तो कोर्स डोळे झाकून घ्या. मैदानावर हात शिकतात, पण वळणात शिरायचा वेग ठरवायला खरा रस्ताच लागतो, इथून पुढे दिसत नाहीये मग आत्ताच कमी कर, माती आलीय, उताराला आहोत तर दुसऱ्या गिअरमध्ये उतर, न्यूट्रल अजिबात नको, हे बाजूला बसून कोणीतरी बोलत राहिलं तरच बसतं.

कोणासाठी काय, हे अर्थात माणसावर आहे. एखाद्याला वेगाची मनापासून आवड असेल, रात्री एक्सप्रेसवेवर गाडी पळवायची सुरसुरी येत असेल, तर त्याला मी उलट आधी ट्रॅकवर पाठवते, ती भूक तिथे भागली तर रस्ता शांत होतो, माझे दोन-तीन विद्यार्थी असे आहेत. ज्यांना पुढे स्पर्धेतच उतरायचंय त्यांचा रस्ता वेगळा, तिथे एफएमएससीआयचं (भारतातली मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स वगैरे येतं. नुकतंच लायसन्स मिळालेल्यांना दोन्ही नको, आधी वर्षभर रोज गाडी चालवू दे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला वेगाची हौस नाही, भीती बसलीय, बायको आता घाटात नको म्हणते, आणि दर दोन महिन्यांनी गावी श्रीवर्धनला जायचंय. या माणसाला तीस वेळा तेच वळण जोरात घेऊन काय मिळणार?

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा: आधी पुण्यातच एक दिवस, पण वरचे प्रश्न विचारून निवडलेला, ओलं ब्रेकिंग असलेला. मग एखाद्या इन्स्ट्रक्टरला अर्धा दिवस बाजूला बसवून ताम्हिणी किंवा वरंध, आणि पहिल्यांदा कोरड्यात, नंतर पावसात. दोन्ही मिळूनही ट्रॅकच्या निम्म्या खर्चात होईल. पुढच्या वर्षी मन झालं तर कोइंबतूर, आनंदासाठी आणि ती बुडाखालची समज येण्यासाठी, तेव्हा त्याचा फायदाही दुप्पट होईल.

ट्रॅकवर जाणार असाल तर दोन गोष्टी कोणी सांगत नाही. खासगी गाडीच्या विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, त्यामुळे स्वतःची गाडी नेऊन ट्रॅकवर ठोकली तर खर्च तुमचा, असं धरूनच चला, पॉलिसी काढून वाचा. आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर सततच्या जोरदार ब्रेकिंगने ते उकळतं, पेडल मऊ होऊन खाली जातं. तापल्यावर पॅडही धरेनासे होतात. त्यामुळे पहिल्यांदा शाळेच्याच गाडीवर शिका. गो-कार्टबद्दल पण कोणीतरी खाली लिहिलंय, ती मजेची आहे आणि नजर सुधारते, पण तिला सस्पेन्शन नाही, वळताना दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, तिचं वागणं तुमच्या सेडानवर जसंच्या तसं उतरत नाही.

कोर्सची तारीख मिळेपर्यंत एवढं करा. सीट पुढे घ्या: ब्रेक पूर्ण तळाशी दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, बहुतेक लोक इतके मागे बसतात की पूर्ण दाबायला पायच पुरत नाही. पाठ सीटला टेकवून मनगट स्टिअरिंगच्या वर पोचलं पाहिजे, हात घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या, रुंद, ओळखीच्या खासगी आवारात, परवानगी घेऊन, मागेपुढे कोणी नाही हे बघून, ३० च्या वेगावरून पूर्ण ब्रेक दाबा आणि गाडी थांबेपर्यंत दाबलेला ठेवा. गाडीतलं सुटं सामान आधी काढा. बायकोलाही करू द्या, तीही चालवते ना.

आणि सगळ्यात आधी टायर बघा. बाजूला चार आकडी शिक्का असतो, उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. गाडी आठ महिन्यांची असली तरी टायर किती जुना आलाय ते कळेल. कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिमी चालते पण पावसात ३ च्या खाली गेलं की मी तरी घाटात जात नाही. हवा गाडी थंड असताना, दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याला भरा, पंपवाला 'पावसाळ्यात थोडी कमी ठेवा साहेब' म्हणाला तरी ऐकू नका, कमी हवेचा टायर पाणी बाजूला सारायला कमी पडतो. चारी टायरचे शिक्के आणि तुम्ही आत्ता किती हवा ठेवताय ते इथे लिहा, आणि वळणात शिरताना काट्यावर किती होतं ते आठवत असेल तर तेही, मग पुढचं सांगते.